पाणी हिरवंगार, तरी शिंपले उपाशी : असं का होतं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तासगाव तालुक्यात द्राक्षबागेला लागून ३० बाय ३० बाय ३ मीटरचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. पावसाळा संपल्यावर त्यात गोड्या पाण्यातले दोन हजार लहान शिंपले सोडले, आणताना सुमारे ३ सेंटिमीटरचे. मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या केल्यात, एकेकीत पंचवीस. रोज पाव किलो स्पिरुलिना पावडर आणि दोन किलो शेंगदाणा पेंड भिजवून तिचं पाणी टाकता. चार महिने झाले, पाणी हिरवंगार आहे, पण शिंपले जिथल्या तिथं. काहींची कड पातळ पडलीय आणि दर आठवड्याला थोडे तोंड उघडून मरताहेत. विचारलंय की कोणतं खाद्य द्यावं, रोज किती द्यावं, आणि उन्हाळ्याआधी आणखी दोन हजार आणावेत का.

मी कृष्णाकाठी मत्स्यबीज आणि शिंपले दोन्ही करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर हंगामात येतो, आणि बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. खरी अडचण खाद्य कमी पडण्याची नाहीये. तळ्यात जे हिरवं आहे त्यातलं शिंपल्याच्या तोंडी लागण्यासारखं किती, लागलं तर पचण्यासारखं किती, आणि पचलं तर त्यातून अंग भरण्यासारखं किती, हे तीन वेगवेगळे हिशोब आहेत. तुमच्याकडे तिन्हींत गळती दिसतेय. वर तुम्ही जे टाकताय त्यानं ती वाढतेय.

एक आधीच सांगतो. पाणी न बघता मी इथून जे लिहितोय त्यातलं काही तुमच्या तळ्याला लागू पडेल, काही पडणार नाही. पाणी बोअरचं आहे की म्हैसाळ-टेंभू उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाचं की नुसतं पावसाचं, बागेची फवारणी किती जवळून होते, शिंपले नेमके कुठल्या जातीचे आहेत, यावर बरंच फिरतं. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही आपल्याकडची नेहमीची जात असेल असं धरून चालतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘हे कसं तपासायचं’ तेही लिहितो.

आधी आकडेमोड. तुमच्या तळ्याचे काठ उतरते असणार, तेव्हा पूर्ण भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी. जाणता शिंपला ताशी लिटरभराच्या आसपास पाणी गाळतो, तापमान आणि आकारानुसार कमी-जास्त. लहान त्याहून कमी. सगळे जाणते धरले तरी दोन हजार शिंपले दिवसाला ४८ हजार लिटर गाळतील, म्हणजे तळ्याच्या सव्वादोन टक्के. एवढ्यानं हिरवं तळं रिकामं होत नाही. भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था मोत्याच्या शेतीसाठी हेक्टरी वीस ते तीस हजार शिंपले सांगते; तुमच्या नऊ गुंठ्यांना त्या हिशोबानं १८०० ते २७०० बसतात. संख्या ठीक आहे. मग उपासमार कुठून आली?

पहिली गळती पिशवीत आहे. मच्छरदाणीचं कापड शेततळ्यात पंधरा दिवसांत बुळबुळीत होतं, महिन्याभरात त्याची भोकं बुजतात. बाहेर २२ लाख लिटर हिरवं पाणी असलं तरी आतल्या पंचवीस जणांच्या वाट्याला पिशवीतलं तेच तेच गाळलेलं पाणी येतं. नदीत वाहतं पाणी नवीन घास आणून देतं, शेततळ्यात ती सोय नाही. जाणत्या शिंपल्यांना नायलॉन पिशवीत दोन-दोन ठेवून मीटरभर खोल टांगतात, त्यामागे हेच कारण आहे. तुमचे लहान आहेत, त्यांना मोठ्या भोकांची जाळी चालणार नाही हे खरं. पण ३ सेंटिमीटरचा शिंपला १ सेंटिमीटर भोकाच्या जाळीतून पडत नाही. तशी जाळी घ्या, पिशवीऐवजी प्लास्टिकचा उथळ क्रेट किंवा टोपली घ्या, तळाशी दोन बोटं बारीक गाळवाळू घाला, एकेकात आठ-दहा ठेवा आणि दर आठवड्याला बाहेरून ब्रशनं घासा. बागेचं पाणी उपसता तेव्हा रोज तासभर त्यातलं थोडं तळ्यातच परत फिरवलंत तर क्रेटच्या आसपास पाणी हलतं राहील.

वाळू का, ते सांगतो, कारण इथंच बहुतेक जण फसतात. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांचं बाळपण विचित्र असतं. मादीच्या कल्ल्यांतून बाहेर पडलेलं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतं, मग गळून तळाशी पडतं. त्यानंतर कित्येक दिवस, काही जातींत कित्येक महिने, ते जाणत्यासारखं पाणी गाळून पुरेसं खात नाही. पाय बाहेर काढून गाळातून फिरवतं, पायावरच्या बारीक केसांनी गाळातले जिवाणू, कुजका कण, तळावरची डायटम (सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं) ओढून आत घेतं. कल्ले पूर्ण तयार होईपर्यंत त्याचं ताट तळाशी असतं. तुमचे ३ सेंटिमीटरचे हा टप्पा बहुतांशी ओलांडून आलेत, पण त्यांनाही अर्धं अंग गाळात रुतवून बसायची सवय असते. तळ न मिळालेला लहान शिंपला सारखा चालत राहतो, मिटत राहतो, आणि मिटलेला शिंपला खात नाही. पुढे कधी एक सेंटिमीटरच्या आतली पिल्लं आणलीत तर टांगू नकाच. नदीचा बारीक गाळ चाळून पसरट टबात ठेवा, वरून हिरवं पाणी थेंबाथेंबानं सोडा.

आता दुसरी गळती. हिरवं म्हणजे काय?

शिंपला आंधळेपणानं पाणी गाळत नाही. कल्ल्यांवरचे केस कण पकडतात, चिकट द्रवात गुंडाळून तोंडाजवळच्या दोन जोड्या पडद्यांकडे सरकवतात, आणि ते पडदे निवड करतात. साधारण २ ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण चालतो. फार मोठा, लांब दोरीसारखा किंवा नको त्या चवीचा असेल तर तोंडात न घालताच बाहेर टाकतात. हा नाकारलेला माल आणि खरी विष्ठा यांतला फरक डोळ्यांनी दिसतो, आणि माझ्या मते कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा तो उपयोगाचा आहे. संध्याकाळी चार-पाच शिंपले तळ्याचं पाणी घेऊन पांढऱ्या घमेल्यात ठेवा, सकाळी बघा. पाणी आत ओढायच्या, झालरीसारख्या कडेच्या फटीजवळ हिरवट, शेंबडासारखा सैल गोळा पडलेला असेल, बोट लावताच विस्कटणारा, तर तो नाकारलेला माल. दुसऱ्या, गुळगुळीत कडेच्या फटीजवळ छोट्या, घट्ट, शेवईच्या तुकड्यांसारख्या काड्या असतील तर ती विष्ठा. काड्या तपकिरी-करड्या असतील तर घास पचतोय. काड्या भडक हिरव्या असतील तर पेशी न फुटता जशाच्या तशा बाहेर पडताहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तर त्यात कधी कधी जिवंत शैवालसुद्धा सापडतं. घमेल्यात सैल गोळेच जास्त आणि काड्या जवळजवळ नाहीत, असं दिसलं तर समजा पंगत वाढलीय पण कुणी जेवत नाहीये.

एखादा शिंपला द्यायची तयारी असेल तर उघडून आणखी एक बघा. पायाच्या मागे वरच्या बाजूला पचनग्रंथी असते. खाल्लेल्याची गडद तपकिरी-हिरवी, उपाश्याची फिकट, पाणचट. जठराजवळ काचेसारखी पारदर्शक, जेलीची एक बारीक काडी असते. ती फिरून अन्न घुसळते आणि झिजत झिजत पाचकरस सोडते. बरेच दिवस उपाशी किंवा मिटून राहिलेल्या शिंपल्यात ही काडी विरघळून गेलेली असते. लहानग्यात ती शोधायला भिंग लागेल.

तर तुमच्या तळ्यात काय असावं? माझा अंदाज निळ्या-हिरव्या शैवालाचा. पेंडीचं पाणी रोज पडतंय, पाणी थांबलेलं आहे, फेब्रुवारीनंतर ऊन तापतंय, ही त्याचीच परिस्थिती. तपासायला सोपं. पारदर्शक बाटली तळ्याच्या पाण्यानं पाऊण भरा, रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत आला असेल तर निळं-हिरवं शैवाल. पाणी एकसारखं हिरवट राहिलं किंवा तळाशी साका बसला तर बहुतेक साधं हिरवं शैवाल किंवा डायटम. तळ्यावर वारा ज्या कोपऱ्यात ढकलतो तिथं रंग सांडल्यासारखा तवंग आणि कुबट वास येत असेल तर बाटलीचीही गरज नाही.

या निळ्या-हिरव्याची भानगड अशी की त्यातल्या बऱ्याच जाती पुंजके किंवा दोऱ्या करतात, शिंपला त्या नाकारतो. काही विषारीही असतात. आणि खाल्लं तरी त्यात शिंपल्याला हवं ते नसतं. हे ‘हवं ते’ काय, यावर सगळ्यात जास्त काम समुद्रातल्या शिंपल्यांवर झालंय, कारण तिथं हॅचरीत पिल्लं वाढवणं हा जुना धंदा आहे. आपल्याकडे तुतिकोरिनच्या सागरी संशोधन केंद्रात ‘तिसऱ्या’ या खाडीतल्या शिंपल्यांची पिल्लं तयार केली, तीही आयसोक्रायसिस नावाचं बारीक सोनेरी शैवाल वाढवून, त्यावर. जगभर हॅचऱ्यांत हे आयसोक्रायसिस, किटोसेरॉससारखी डायटम, पावलोव्हा, टेट्रासेल्मिस अशी ठरावीक नावं चालतात, आणि सहसा दोन-तीन मिसळून चालतात. डायटममधून इपीए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर मिळतं, आयसोक्रायसिसमधून डीएचए. दोन्ही लांब साखळीची. पिल्लांना स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. ड्युनालिएला नावाचं एक हिरवं शैवाल आहे, प्रथिनं चांगली, वाढवायला सोपं, पण ही दोन मेदाम्लं त्यात जवळजवळ नाहीत. नुसत्या त्यावर ठेवलेली पिल्लं रखडतात. पोट भरलेलं असतं, तरी वाढ नसते.

तुमच्या ओळखीचं उदाहरण घ्या. दुभत्या म्हशीला हंगामभर नुसतं उसाचं वाढं टाकलं तर ती पोट भरून खाते, पण कॅल्शियम उतरतं, दूध उतरतं, म्हैस खंगते. वाढं कमी पडलेलं नसतं.

समुद्राच्या शिंपल्याचा आहार जसाच्या तसा गोड्या पाण्यात लागू होत नाही, हे मान्य. आयसोक्रायसिस तुमच्या शेततळ्यात जगणारच नाही. नदीतल्या शिंपल्यांच्या अभ्यासात शैवालाइतकाच, काही ठिकाणी त्याहून जास्त, वाटा जिवाणूंचा दिसलाय. पण तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या राहतात. एकाच जातीच्या शैवालापेक्षा मिश्रण बरं. डायटम असलेलं पाणी नुसत्या हिरव्या पाण्यापेक्षा बरं. आणि शिंपल्याला स्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ शैवालातूनच घ्यावा लागतो, जो निळ्या-हिरव्यात नसल्यातच जमा. क्लोरेला या बारीक हिरव्या शैवालाबद्दलही लोक विचारतात. फुकट येतं, पाणी सुंदर दिसतं, पण त्याच्या पेशीचं कवच टणक, बरंचसं न फुटता पार होतं. मिश्रणात थोडं असलं तर हरकत नाही. मुख्य जेवण म्हणून नको.

हाच न्याय तुमच्या स्पिरुलिनाला. तेही निळ्या-हिरव्यातलंच. प्रथिनं ६० टक्क्यांच्या घरात, पचायला सोपं, माणसाला चालतं, रंगीत माशांना चालतं. पण इपीए-डीएचए नाहीत, स्टेरॉल नाहीत. आणि पावडर पाण्यावर टाकली की तिचे गुठळे होतात, गुठळी खाली बसते. टांगलेल्या शिंपल्यापर्यंत तिचा किती भाग पोचत असेल ते तुम्हीच ठरवा. ‘शिंपल्यांचं खास खाद्य’ म्हणून पाकिटं विकणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, फक्त एवढं विचारा की त्यात कण किती मायक्रॉनचा आहे. उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा.

पेंडीचा प्रकार वेगळा, आणि तुमच्या मरतुकीचं मोठं कारण बहुधा तोच. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं साधारण ४५ टक्के, प्रथिनात नत्र १६ टक्के. म्हणजे किलोमागे ७० ग्रॅमच्या वर नत्र. रोज दोन किलो म्हणजे महिन्याला साठ किलो पेंड, सव्वाचार किलो नत्र. ते सगळं अमोनिया होऊन पाण्यात राहिलं असं धरलं तर २२ लाख लिटरमध्ये लिटरला २ मिलिग्रॅम होतं, तेही एका महिन्यात. सगळं राहत नाही, बरंच शैवाल उचलतं; पण तुम्ही चार महिने टाकताय आणि पाणी अर्ध्यावर आलं असेल. गोड्या पाण्यातल्या प्राण्यांत लहान शिंपले अमोनियाला सगळ्यात हळवे असणाऱ्यांपैकी आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१३ मध्ये पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा मुख्यतः या शिंपल्यांकडे बघूनच खाली आणली : सामू (पीएच) ७ आणि तापमान २० अंश असताना दीर्घकाळासाठी लिटरला १.९ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र. सामू आणि तापमान वाढलं की मर्यादा झपाट्यानं उतरते. दाट हिरव्या शेततळ्यात दुपारी तीनला सामू ९ पर्यंत जातो. ज्या पातळीला रोहू आरामात फिरतो, तिथं लहान शिंपला मिटून बसतो. मिटला की खात नाही. आपण ‘खात नाही’ म्हणून आणखी पेंड टाकतो.

त्यामुळे पहिलं काम : पेंड आणि पावडर आजपासून बंद. हळूहळू कमी वगैरे नाही, बंद. शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया आणि सामू मोजायचं द्रावणाचं किट मिळतं, ते घ्या, आणि दुपारी मोजा, सकाळी नको.

बागेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण द्राक्षाच्या पट्ट्यात हा मुद्दा सोडता येत नाही. बुरशीसाठी फवारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटरला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम तांबं. उरलेलं वीस लिटर द्रावण तळ्यात गेलं, किंवा ब्लोअरची टाकी काठावर धुतली, तर पन्नास ग्रॅम तांबं. २२ लाख लिटरमध्ये लिटरला २३ मायक्रोग्रॅम, अर्ध्या तळ्यात त्याच्या दुप्पट. कोवळ्या शिंपल्यांना असल्या, दोन आकडी मायक्रोग्रॅमच्या पातळ्या मारक ठरू शकतात. आपलं पाणी कठीण असतं, बरंच तांबं गाळात बसतं, म्हणून प्रत्येक वेळी मरतूक दिसत नाही. पण वाढ खुंटायला मरण्याइतकी मात्रा लागत नाही. टाकी तळ्यापासून लांब धुवा. फवारणीच्या दिवशी वारा तळ्याकडे असेल तर वेळ बदला. आणि कुणी सांगेल की ‘शेवाळ झालंय, मोरचूद टाक, दोन दिवसांत पाणी नितळ होईल’. शिंपले असलेल्या तळ्यात ते कधीही नाही. शैवाल मरेल, ते कुजून पहाटे ऑक्सिजन ओढेल, आणि तांब्यानं शिंपले जातील.

कड पातळ पडण्याचं कारण आहारातच शोधू नका. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि त्याचं कॅल्शियम मुख्यतः पाण्यातून येतं. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात ते सहसा मुबलक असतं. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीशी संबंध नाही. नुसतं पावसाचं पाणी साठवलं असेल तर कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही तुटपुंजी असू शकतात. एकूण क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली आली तर बोअरचं पाणी मिसळा किंवा चुनखडीची भुकटी टाका. कळीचा किंवा विरलेला चुना शिंपले असताना नको, सामू एकदम उडतो. उलट दिशाही लक्षात ठेवा : कधी कधी कवच वाढत राहतं आणि आतलं मांस मागं पडतं. लांबी मोजून आपण खूश होतो. म्हणून तीसेक शिंपल्यांवर नेलपॉलिशनं खूण करा, महिन्यातून एकदा व्हर्नियरनं लांबी घ्या आणि दोन-तीन उघडून मांस कवचात किती भरलंय ते बघा. ओलं वजन फसवं असतं, आत पाणी कोंडलेलं असतं.

आता चांगलं पाणी कसं पिकवायचं. तुमच्याकडे वर तरंगणारं निळं-हिरवं निघालं तर आधी खत अजिबात नको. वरचं पाणी बागेला सोडून तळं तिसऱ्या भागानं खाली घ्या. ठिबकच्या फिल्टरवर ताण येईल, तो रोज धुवा. मग आवर्तनाचं किंवा बोअरचं नवं पाणी घ्या. जमलं तर पंधरवड्यानं पुन्हा. बोअरच्या पाण्यात आपल्या खडकामुळे सिलिका चांगली असते, आणि डायटमचं कवच सिलिकाचंच असतं, म्हणून पाव भाग तरी बोअरचं असावं असं मी सांगतो. नदीचं पाणी मिसळलं तर त्याच्याबरोबर डायटमचं बीजही येतं. त्यासाठी वेगळं कल्चर विकत आणायची गरज नाही.

पाणी सुधारल्यावर खत द्यायचं, पण कोंबडखत नको. पोल्ट्री घरचीच असते म्हणून लोक ते टाकतात. त्यात नत्राच्या मानानं स्फुरद जास्त, आणि स्फुरद जास्त-नत्र कमी ही निळ्या-हिरव्याची आवडती जोडी. शेण आठवडाभर मुरवून, गाळून, फक्त त्याचं पाणी वापरा. त्याच्या जोडीला, तुमच्या गोदामात कॅल्शियम नायट्रेट असणारच, ठिबकातून देता ते. पाण्यात विरघळवून दर पंधरवड्याला सात किलो, त्यासोबत सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो भिजवून त्याचं पाणी. ही मात्रा भरलेल्या तळ्यासाठी आहे, पाणी कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. याच्यानं लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नत्र वाढतं. युरियापेक्षा हे मला बरं वाटतं, कारण युरियाचा आधी अमोनिया होतो आणि त्यातून आपण आत्ताच सुटलोय. डायटमही नायट्रेट आनंदानं घेतं, आणि थोडं कॅल्शियम वरकड मिळतं.

किती दाट व्हायला हवं? वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा. ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. ६० च्या पुढे दिसत असेल तर पुढचा हप्ता द्या. २५ च्या आत गेली तर खत थांबवा आणि पाणी फिरवा. रंग हिरव्यापेक्षा तपकिरीकडे, कोऱ्या चहाकडे झुकला की मला बरं वाटतं, कारण तो डायटमचा रंग असतो. थोडे पैसे गेले तरी ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक घ्या किंवा जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांना बाटली दाखवा. ज्यांना आपल्या तळ्यात काय आहे हे दिसत नाही, ते खाद्याच्या पाकिटाच्या मागे लागतात.

मासे असतील तर तेही लिहा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) तुमच्या शिंपल्यांचाच घास खातो, तो नको. थोडे रोहू-मृगळ चालतील; त्यांना त्यांचं खाद्य मोजून दिलं तर त्यांची विष्ठाच पाण्याला खत होते.

क्रम एकदा सांगून टाकतो : पेंड-पावडर बंद, दुपारचा अमोनिया आणि सामू, रात्रभराची बाटली, घमेल्यातली विष्ठा. मग पिशव्या बदलणं आणि वाळू. मग पाणी बदलणं. खत सगळ्यात शेवटी. मेलेले शिंपले रोज काढा, एक मेलेला क्रेटमधल्या इतरांचं पाणी नासवतो.

किती दिवसांत फरक दिसेल हे पाण्याच्या तापमानावर आहे. घमेल्यातली विष्ठा आठ-दहा दिवसांत बदलायला हवी. कडेला नवीन वाढीची फिकट, किंचित लवचीक पट्टी दिसायला महिना-दीड महिना धरा. ती पट्टी बोटाच्या टोकाला लागते, जुन्या कडेपेक्षा वेगळी जाणवते. मोत्याच्या ऑपरेशनला भुवनेश्वरची संस्था ८ सेंटिमीटरच्या पुढचे शिंपले घ्यायला सांगते; तुमचे तिथपर्यंत जायला बराच काळ आहे, तेव्हा कुणी आत्ताच केंद्रक (ज्याभोवती मोती घडतो तो मणी) बसवून द्यायला तयार असेल तर नाही म्हणा.

राहिला शेवटचा प्रश्न. आणखी दोन हजार आत्ता आणू नका. एक तर चार हजार तुमच्या नऊ गुंठ्यांना जास्त होतात. दुसरं, एप्रिल-मे मध्ये तळ्यातलं पाणी बागेला जाणार, उरलेलं तापणार, त्यात नवे लहान जीव सोडणं म्हणजे पैसे टाकणं. आहेत ते क्रेट उन्हाळ्यात दीड मीटर खाली घ्या आणि बागेसाठी पाणी कितीही लागलं तरी तळ्यात दोन मीटर राहील असं आवर्तनाचं गणित बसवा. नवे आणायचेच असतील तर पावसाळा उतरल्यावर, आणि तेव्हाही शंभरेक आणून सहा आठवडे मापं घेऊन मगच बाकीचे. तोवर बाटलीचा आणि घमेल्याचा फोटो इथं टाका, पाणी कुठलं आहे ते लिहा, म्हणजे अंदाजानं लिहिलेल्या भागात दुरुस्ती करता येईल.